द्राक्षाला पायघड्या, मोहाला बेड्या

गोदावरी नाशिकजवळ अजून लहान असते. ब्रह्मगिरीवरून उतरल्यावर तिला गंगापूरचे धरण अडवते. त्या जलाशयाच्या आसपास गेल्या पाव शतकात द्राक्षमळे, वाइनचे कारखाने आणि त्यांना जोडलेली महागडी विश्रामस्थाने यांची एक नवी वसाहत उभी राहिली आहे. खिडकीतून पाणी दिसावे, अंगणात द्राक्षवेली असाव्यात, सकाळी अंगाला सुगंधी तेल चोळून घ्यावे आणि सायंकाळी हातात चषक घेऊन सूर्यास्त पाहावा, अशी तेथील विश्रांतीची साधारण दिनचर्या असते. तीच गोदावरी मराठवाडा व तेलंगण ओलांडून गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याजवळ येते. तेथे वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांचे पाणी घेऊन आलेली प्राणहिता तिला मिळते. एप्रिल २०२२ मध्ये, बारा वर्षांनी आलेल्या प्राणहिता पुष्करासाठी भाविकांची दाटी झाली ती याच काठावर. आणि हा काठ ज्या जिल्ह्यात आहे, त्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. नदी एक, राज्य एक, कायद्याचे पुस्तकही एकच. तरीही उगमाकडे जी गोष्ट उद्योग, पर्यटन आणि आरोग्य अशा तीन नावांनी गौरविली जाते, तीच संगमाकडे गुन्हा ठरते.

गडचिरोलीचा कायदा चुकला, असे सुचविण्यासाठी ही तुलना नाही. चुकले आहे ते नाशिकचे कौतुक. आणि त्याहून मोठी चूक आहे ती हा नमुना चंद्रपूर-गडचिरोलीच्या नदीकाठांना लागू करता येईल, असे मानण्याची. हे मानणारे थोडे नाहीत. वाघ आहे, नदी आहे, जंगल आहे, जमीन स्वस्त आहे आणि समृद्धी महामार्गाने मुंबईही जवळ आली आहे. मग उणे काय, असा प्रश्न ते विचारतात. या प्रश्नाचे उत्तर त्यांना चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायांनी २०१० सालीच देऊन ठेवलेले आहे. त्याकडे वळण्यापूर्वी ताडोबाच्या वेशीवर काय उभे राहिले आहे, ते पाहावे लागेल.

ताडोबाच्या वेशीवर

ताडोबा हे नाव तारू नावाच्या गोंड गावप्रमुखाचे. वाघाशी झुंजताना तो पडला आणि तळ्याकाठच्या झाडाखाली त्याचे ठाणे झाले, असे परंपरा सांगते. पौषात तेथे जत्रा भरत असे. १९५५ मध्ये तळ्याभोवतीचे सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे वन राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले, पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि आज गाभा व बफर धरून त्याचा विस्तार १७०० चौरस किलोमीटरच्या वर आहे. या काळात वनवासींच्या देवाला भेटण्याची वाट अरुंद होत गेली. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे २००७ पासून एकेक करून गाभा क्षेत्रातून उठली. वाघासाठी माणसाने घर सोडले, हा त्याग लहान नव्हे. त्याबद्दल रड लावण्याचेही कारण नाही, कारण वन राहिले तरच नद्या राहतात हे त्या माणसांना शहरातल्या कोणाहीपेक्षा अधिक कळते.

प्रश्न पुढचा आहे. गावाने वाट सोडली आणि त्याच वाटेच्या तोंडाशी पंचतारांकित कमान उभी राहिली, तर त्या त्यागाला काय म्हणावे? मोहर्ली, कोलारा, नवेगाव या प्रवेशद्वारांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एकापुढे एक रिसॉर्ट आहेत. कोठे पोहण्याचा तलाव, कोठे स्पा, कोठे जलाशयाकडे उघडणारे सज्जे. एका रात्रीचे भाडे भरण्यासाठी बफरमधल्या शेतमजुराला कित्येक महिने खपावे लागेल. रिसॉर्टच्या कुंपणापलीकडे धानाची बांधी असते आणि तिच्यात वाकलेली माणसे पर्यटकाच्या छायाचित्रात 'अस्सल ग्रामीण वातावरण' म्हणून येतात.

ज्या इरईच्या पाण्याकडे पाहून मनःशांतीची जाहिरात केली जाते, त्या इरई धरणाचे पाणी चंद्रपूर शहर पिते आणि २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्रही पिते. त्या केंद्राची राख आणि भोवतालच्या कोळसाखाणींची धूळ कोणाच्या छातीत जाते, हे चंद्रपूरकरांना सांगावे लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी काढली, तिच्या अगदी वरच्या टोकाला चंद्रपूर होते. उन्हाळ्यात पारा ४७ अंशांना टेकणाऱ्या, धुळीने खोकणाऱ्या या जिल्ह्यातच पाहुण्यासाठी 'शुद्ध हवेचे उपचार' विकले जातात. स्वास्थ्याची ही बेटे आहेत, आणि बेटाचा अर्थच असा की भोवतालच्या पाण्याशी त्याला कर्तव्य नसते.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात मेंढामाळजवळ तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्या महिन्यात असे मृत्यू जिल्ह्यात अनेक झाले. तेंदूचा हंगाम, मोहाचा हंगाम आणि सफारीचा हंगाम एकाच वेळी येतात. वाघ दिसावा म्हणून पैसे मोजणारा माणूस उघड्या जिप्सीत सुरक्षित असतो आणि वाघ दिसू नये म्हणून ग्रामदेवतेला हात जोडणारी बाई पायी असते. दोघांचे जंगल एकच. या विषमतेचा दोष वाघाला देता येत नाही. परंतु जंगलातून जो पैसा निर्माण होतो, त्यातला किती त्या बाईच्या गावापर्यंत पोहोचतो हे विचारता येते. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पर्यटन उद्योगाकडून संवर्धन शुल्क घेऊन ते स्थानिकांच्या उन्नतीसाठी वापरता येईल, अशी मुभा त्यांत आहे. मुभा आणि अंमल यांतले अंतर या देशात नेहमीच बरेच असते.

या चित्रात सगळे काळेच आहे असेही नाही. मोहर्लीच्या बाजूला गावातल्या मुली वाटाड्या म्हणून पर्यटकांना जंगल समजावून सांगतात, आगरझरीला स्थानिकांच्या हातून पर्यटनाचे उपक्रम चालतात, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्या नावाच्या जन-वन विकास योजनेतून २०१५ पासून बफरमधल्या गावांत सरपणाला पर्याय म्हणून गॅस पोहोचला. अशा ठिकाणी पर्यटनाचा पैसा गावातच फिरतो. रिसॉर्टमध्ये मात्र गावाच्या वाट्याला येते ती गणवेशातली चाकरी. मालक नागपूरचा, पुण्याचा, मुंबईचा, पहारेकरी गावचा. काही वर्षांपूर्वी त्याच जमिनीचा तो धनी होता, हे पाहुण्याला कोणी सांगत नाही.

विसावा कशाला म्हणावे?

मनुष्याने थकल्यावर नदीकाठी, वनात जावे, यात नवे काही नाही. आपल्या परंपरेत तर जीवनाचा एक संपूर्ण आश्रमच वनाच्या नावाने आहे. परंतु वनात जायचे ते काहीतरी सोडण्यासाठी. ताडोबाच्या उत्तरेला चिमूरजवळ रामदेगी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तरुणपणी साधना केली ती या रामदेगीच्या रानात. त्यांच्याजवळ पांघरायला काय होते आणि उशाला काय होते, याची नोंद कोणी ठेवली नाही. त्या रानातून बाहेर पडलेला तरुण खंजिरी घेऊन गावोगाव फिरला, व्यसनांविरुद्ध बोलला आणि १९४२ मध्ये चिमूर-आष्टी पेटले तेव्हा कारागृहात गेला. एकांताने माणूस समाजाच्या अधिक जवळ येतो तो असा. आज रामदेगीच्या परिसरात सफारीचे प्रवेशद्वार आहे.

वैनगंगेचेही तसेच. चामोर्शी तालुक्यात मार्कंडा येथे ती उत्तरवाहिनी होते आणि त्या वळणावर मार्कंडेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. महाशिवरात्रीला नदीच्या वाळवंटात माणसांचा सागर उतरतो. चार-दोन दिवस उघड्यावर राहायचे, नदीत स्नान करायचे, चुलीवर भाकरी भाजायची, आप्तांना भेटायचे आणि परतायचे. हाही नदीकाठचा विसावाच आहे, आणि तो शतकानुशतके विनामूल्य चालत आलेला आहे. त्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. मूल तालुक्यातील सोमनाथला बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू केली. विदर्भातल्या मे महिन्यात, घाम गाळण्यासाठी, स्वखर्चाने महाराष्ट्रभरातून तरुण तेथे येऊ लागले. शरीर-मन ताजे करण्याचा हाही एक मार्ग होय. फक्त त्यात मालिश नसते.

'वेलनेस'च्या नावाखाली जे विकले जाते, त्यात आयुर्वेदाचे नाव हटकून असते. शिरोधारा आणि अभ्यंग यांची चित्रे असतात. पंचकर्म ही चिकित्सा आहे. तिला रोगी लागतो, निदान लागते, पूर्वकर्म आणि पथ्य लागते. दुपारी शिरोधारा आणि रात्री वाइन, हे कोणत्या संहितेतले पथ्य? द्राक्षमळा आणि उपचार यांची सांगड युरोपातून आली. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या एका द्राक्षमळ्यात १९९९ मध्ये द्राक्षाच्या चोथ्याने अंग घासण्याला 'विनोथेरपी' असे नाव देऊन एक आलिशान केंद्र उघडले गेले आणि जगभर त्याची नक्कल झाली. 'स्पा' हा शब्द तर बेल्जियममधल्या खनिज झऱ्यांच्या एका गावाचे नाव. त्यांनी आपल्या गावाचे नाव जगाला विकले, आम्ही आपल्या वैद्याचे शास्त्र त्यांच्या नावाखाली विकत घेतो!

आरोग्याचाच विषय निघाला आहे तर एक आकडा पाहावा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घेण्याचे प्रशिक्षण देऊन त्यांच्या कार्यक्षेत्रातील बालमृत्यूचे प्रमाण हजारी १२१ वरून ३० पर्यंत खाली आले. त्या बायांना 'आरोग्यदूत' म्हणतात. वेलनेसचा याहून मोठा प्रयोग या जंगलात झालेला नाही, आणि त्यासाठी कोणी पाण्याकडे तोंड करून बसले नव्हते. याच कामातून बंग दांपत्याला दारूचे दुखणे दिसले. जिल्ह्याच्या विकासावर होतो त्याहून अधिक खर्च दारूवर होतो, हे गणित गावोगाव मांडले गेले, दारूमुक्तीचे आंदोलन उभे राहिले आणि त्यातून १९९३ ची बंदी आली.

दोन मापे

महाराष्ट्राच्या ज्या कायद्यान्वये मद्याचे परवाने दिले जातात, त्या १९४९ च्या कायद्याचे नाव आजही दारूबंदी कायदा असे आहे. राज्यघटनेचे ४७ वे कलम मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य मानते. याच राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण आणले. राज्यातल्या द्राक्षांपासून राज्यात तयार होणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्क माफ झाले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क झाले, पुढे विक्रीकराच्या परताव्याचीही योजना आली. शेतकऱ्यांचे कल्याण हे कारण सांगितले गेले. नाशिकच्या काही बागायतदारांना करारशेतीचा लाभ झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु महाराष्ट्राची बहुतांश द्राक्षे खाण्याची आहेत. वाइनची द्राक्षे हा त्यातला लहानसा कोपरा. त्या कोपऱ्यासाठी संपूर्ण शेतकरीवर्गाचे नाव पुढे करणे ही मखलाशी होय.

२७ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ही मखलाशी पूर्णत्वास गेली. वाइन म्हणजे दारू नव्हे, असे सत्ताधारी आघाडीच्या नेत्यांनी जाहीरपणे सांगितले. बिअरमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण पाच ते आठ टक्के असते, वाइनमध्ये बारा ते चौदा. जी बिअरहून कडक तीच दारू नव्हे, हे तर्कशास्त्र लोकांच्या पचनी पडले नाही आणि प्रखर विरोधापुढे तो निर्णय अंमलात आला नाही. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मद्याचे नाव १९८८ पासून आहे. तरीही वाइन आणि वेलनेस हे शब्द एकाच जाहिरातपत्रकावर शेजारी शेजारी नांदतात.

आता द्राक्षाच्या शेजारी मोह ठेवून पाहू. चंद्रपूर-गडचिरोलीत मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात बाया-मुले मोहाखाली फुले वेचतात. मोह वाळवून साठवतात, त्याचे लाडू करतात, भाकरीत घालतात, दुष्काळात त्यावर दिवस काढतात. बियांचे तेल निघते. या फुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर स्वातंत्र्यानंतर सात दशके निर्बंध होते, ते राज्याने २०२१ मध्ये कोठे सैल केले. केंद्राने २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलाची किमान आधारभूत किंमत वाढविली ती किलोला ३० रुपये. द्राक्षाची एक बाटली या हिशेबाने कित्येक किलो फुलांना भारी पडते. द्राक्षापासून मद्य करणाऱ्याला करमाफी आणि मोह नुसता घरात ठेवणाऱ्याच्या दारात पोलीस, असे हे दोन न्याय सत्तर वर्षे नांदले. ते फूल अन्न म्हणून विकत घेणारी, त्यावर प्रक्रिया करणारी व्यवस्था उभारण्याचे मात्र कोणाला फारसे सुचले नाही.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. मोहाची दारू वनवासींच्या पूजेत आहे, मग बंदी ही त्यांच्या संस्कृतीवर घाला नव्हे काय? शहरातले विद्वान हा प्रश्न मोठ्या कळवळ्याने विचारतात. देवाला आणि पितरांना मोहाचे थेंब वाहणे ही विधीतली गोष्ट आहे. विधीला दिवस असतो, प्रमाण असते, गायता किंवा भूमक असतो. परवानाधारक दुकानाला यातले काहीच नसते, त्याला फक्त रोजचा गल्ला असतो. हा फरक ज्यांना सर्वांत स्पष्ट दिसला त्या त्याच गावांतल्या स्त्रिया होत्या.

चिमूरची वाट

डिसेंबर २०१० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. ॲड. पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार संघटनेने हे आंदोलन उभारले. नेतृत्व कोणत्या विचारांचे होते, याची चिकित्सा करीत बसण्यात अर्थ नाही. थंडीत, कडेवर मूल घेऊन, सडकेच्या कडेला झोपत चाललेल्या त्या बाया कोणत्याही विचारसरणीच्या नव्हत्या. त्यांच्या घरी दारू होती, एवढेच. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी दारूबंदीचे ठराव केले. शासनाने समिती नेमली, समितीने अहवाल दिला, अहवाल पडून राहिला. अखेर जानेवारी २०१५ मध्ये निर्णय झाला आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात बंदी लागू झाली. वर्धा, गडचिरोली आणि चंद्रपूर असा सलग दारूबंदीचा पट्टा विदर्भाच्या नकाशावर उमटला.

तो सहा वर्षे टिकला. २७ मे २०२१ रोजी तत्कालीन मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठविली. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालाचा आधार घेण्यात आला. अवैध दारू वाढली, बनावट दारू आली, मुले आणि स्त्रिया तस्करीत ओढली गेली, महसूल बुडाला. यातली पहिली तीन कारणे खरी असतील. पण ती कोणाच्या अपयशाची कारणे आहेत? तस्करी रोखणे हे पोलिसांचे आणि उत्पादन शुल्क खात्याचे काम होते. ते त्यांना जमले नाही, आणि शिक्षा झाली ती बायांना. त्यांनी चालून मिळविलेला कायदा काढून घेण्यात आला. चौथे कारण, महसुलाचे, तेवढे प्रामाणिक होते. बंदीमुळे पर्यटन बुडते, ताडोबाला येणारा पाहुणा नाराज होतो, हा सूरही त्या काळात सतत ऐकू येत असे. पाहुण्याची सायंकाळ सुखाची व्हावी म्हणून यजमानाच्या घरातली रात्र पणाला लावायची, असा हा हिशेब! जून २०२२ मध्ये सत्ता पालटली. बंदी मात्र परतली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. आपले आणि परके असा भेद या प्रश्नात करून चालणार नाही.

द्राक्षवेल कोणाच्या मातीत?

चंद्रपूर-गडचिरोलीचा पूर्वभाग हा तलावांचा आणि धानाचा मुलूख आहे. गोंड राजवटीपासून येथे हजारो तलाव बांधले गेले. मामा तलाव म्हणून ओळखले जाणारे हे माजी मालगुजारी तलाव आजही बांध्या भिजवतात. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाच्या अल्पशिक्षित शेतकऱ्याने आपल्या तुटपुंज्या शेतात निवड करीत करीत एचएमटी हे धानाचे वाण घडविले आणि ते अनेक राज्यांत पसरले. २०१८ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्याकडे मोठी इस्टेट नव्हती. या भूमीला वेल शिकवायला कोणी यायची गरज नाही. भर पावसाच्या आणि ४७ अंशांच्या या मुलखात द्राक्षमळा लावायचा तर तो शेती म्हणून नव्हे, देखावा म्हणूनच लावावा लागेल.

देखाव्यालाही जमीन लागते, आणि मुद्दा शेवटी तेथेच येतो. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींच्या हाती जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत ३६ आणि ३६-अ ही कलमे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी गडचिरोलीतच एक घोषणा केली. आदिवासी शेतकऱ्याला आपली जमीन खाजगी व्यक्तींना भाडेपट्ट्याने देता यावी, एकरी वर्षाला किमान ५० हजार रुपये भाडे मिळावे, असा तो विचार होता. हेतू शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा असेल. परंतु भाडेपट्टा घेणारा कोण असेल, याचाही विचार व्हायला हवा. धान पिकवून एकरी पन्नास हजार भाडे कोणाला परवडणार? ते परवडेल खाणीला, आणि नदीकाठ असेल तर रिसॉर्टला. दीर्घ मुदतीचा करार, वकिलांची भाषा, आणि समोर स्वाक्षरीला अंगठा. जमीन विकली नाही असे कागद म्हणेल. मुलगा मात्र त्याच जमिनीवर वेटर असेल.

याला पर्याय नाही असे कोणी म्हणू नये. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि ज्या बांबूसाठी पूर्वी कागदकारखान्याला वन आंदण दिलेले होते, तो बांबू गावाने स्वतः विकला. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. उद्या अशा गावाने ठरविले की नदीकाठी चार खोल्या बांधू, पाहुण्याला धानाचा भात आणि मोहाचे लाडू वाढू, वैदूकडून औषधी वनस्पती दाखवू आणि दारू पिणाऱ्याला परत पाठवू, तर त्याला कोण आक्षेप घेईल? असा पाहुणा थोडा कमी येईल. येईल तो जंगल पाहून जाईल.

अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मद्यविक्रीवर बंदी घालण्याचा किंवा तिचे नियमन करण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने दिलेला आहे. गडचिरोलीचा मोठा भाग या क्षेत्रात येतो, ताडोबाच्या भोवतीची बहुतेक गावे येत नाहीत. त्या गावांतल्या स्त्रियांना दुकान बंद करायचे तर 'आडवी बाटली'चा मार्ग आहे. आधी एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यायचे. मग सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. त्यात झालेल्या मतांच्या निम्मी मते पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. जी आजारी आहे, मजुरीला गेली आहे, जिला नवऱ्याने दाराबाहेर पडू दिले नाही, तिचे न पडलेले मत बाटलीच्या खात्यात जमा होते. चंद्रपूरची बंदी उठविताना यातले काहीच लागले नाही. निवेदनांचे गठ्ठे समितीपुढे आले, त्यांची बेरीज झाली आणि मंत्रिमंडळाची एक बैठक पुरली.

बफर क्षेत्रात यापुढे जे कोणी विश्रामस्थान मद्याचा परवाना मागेल, त्याच्या अर्जाला हीच चाळणी लावावी. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी गुप्त मतदानात उभ्या बाटलीला कौल दिला तर परवाना द्यावा, नाहीतर अर्ज निकाली काढावा. मतदानाची पेटी तहसील कचेरीत आहेच.